सच्छिद्र पाइपचा भूमिगत निचरा: क्षारपड रानात पैसे घालण्याआधी हे वाचा

जमिनीखाली सच्छिद्र पाइप गाडून निचरा करून द्यायचं काम सध्या सांगली-कोल्हापूर भागात जोरात चाललंय आणि कुणी ना कुणी सारखं विचारत असतंय की करावं का, पैसे वाया जातील का, करून घेताना काय बघायचं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. आमचं रान कृष्णाकाठी, मिरज पश्चिम भागात. भारी काळी जमीन, आजोबांच्या काळापासून ऊस. सर्व्हे, पाइप, चेंबर, मेन लाइन ओढ्यापर्यंत नेणं असं सगळं काम एकाच ठेकेदाराला उक्तं दिलं होतं. त्याचं नाव टाकत नाही. त्यानं ज्या चुका केल्या त्या या धंद्यातले बरेच जण करतात, त्यामुळं नावापेक्षा काय तपासायचं ते कळलेलं तुमच्या जास्त कामाचं आहे.

मार्क आधीच देऊन टाकतो. पाइपला पाचपैकी पाच. मशीनवरच्या पोरांना चार. सर्व्हेला दोन. काम झाल्यानंतरच्या सर्व्हिसला एक. आणि एवढं सगळं होऊन पण मला विचाराल तर करा, नक्की करा, पण खाली लिहिलंय ते बघून करा.

रान कशा अवस्थेत होतं ते सांगतो म्हणजे तुमच्या रानाशी ताडून बघता येईल. वरच्या बाजूला फेब्रुवारी-मार्चपासून सरीच्या वरंब्यावर पांढरी खार फुलायची, बोटानं खरवडली की भुरभुर निघायची आणि खालची माती ओलीच असायची. ओढ्याकडच्या सखल बाजूला पांढरं कमी, तिथं मातीवर काळपट तेलकट चकाकी, पाणी दिलं की दोन-दोन दिवस वरच तुंबून राहायचं आणि एकदा वाळलं की हात आत जाईल एवढ्या भेगा, ढेकळं तर कुदळीला दाद द्यायची नाहीत. हे दोन वेगळे रोग आहेत हे लक्षात ठेवा, पुढं त्यावर बोलतो. ऐन उन्हाळ्यात खड्डा काढला तरी दोन-अडीच फुटावर पाणी लागायचं. उसाला उगवणीतच तुटाळ, आलेल्या उसाची पेरं आखूड, पानाचे शेंडे आणि कडा करपलेल्या, खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत येणारं पीक, ठेवायचा तर विचारच नको. एकरी वीस टनाच्या आत आलो होतो. बांधाच्या पलीकडं एका भाऊबंदानं तर रान सोडूनच दिलंय, तिथं आता वेडी बाभूळ माजलीय. नदी शेजारी असून, मोटार असून, लाइट असून रान पडीक बघायला लागणं यासारखं दुःख नाही.

लोक म्हणतात नदीचं पाणी गोड आहे मग खार आली कुठनं. हिशोब करून बघा. गोड म्हणतो त्या पाण्यात पण लिटरला समजा ३०० मिलिग्रॅम क्षार धरा. पाटपाण्यानं वर्षभरात उसाला दोन मीटर उंचीचं पाणी बसतंय असं धरा. म्हणजे हेक्टरी वर्षाला सहा टन क्षार आपणच रानात आणून टाकतो. पाणी पिकानं घेतलं, उन्हानं उडालं, क्षार मात्र जागेवर. पाऊस भरपूर आणि जमीन निचऱ्याची असती तर हे खाली धुऊन गेलं असतं, पण आपल्याकडं जसं पूर्वेला जाल तसा पाऊस कमी होत जातो आणि काळ्या जमिनीतनं पाणी खाली सरकायला मागत नाही. मग भूजल वर येतं, साधारण चार-पाच फुटाच्या आत आलं की उन्हाळ्यात मातीतल्या बारीक छिद्रांतनं पाणी वर ओढलं जातं आणि वर येऊन क्षार ठेवून उडून जातं. आणि हे आत्ता कळलंय असं पण नाही. नीरा खोऱ्यात कालव्याचं पाणी आल्यावर थोड्याच वर्षांत जमिनी खारवट व्हायला लागल्या होत्या, इंग्रजांच्या काळात शेती खात्यातल्या डॉ. हॅरॉल्ड मान यांनी १९१० च्या सुमारास त्या जमिनींचा अभ्यास करून अहवाल काढला होता. शंभर वर्षं होऊन गेली. तरी कालवा काढताना, नदीवर उपसा सिंचनाची लिफ्ट बसवताना पाणी आत कसं आणायचं एवढंच बघितलं गेलं, बाहेर कुठनं काढायचं हे कुणी बघितलं नाही. आज महाराष्ट्रात क्षारबाधित जमीन सहा लाख हेक्टरच्या वर आहे, कर्नालच्या केंद्रीय मृद क्षारता संशोधन संस्थेचे आकडे आहेत. देशात ६७ लाख हेक्टरच्या वर.

आता मुद्द्यावर येतो. काम सुरू करायच्या आधी माती परीक्षण. आमच्या ठेकेदारानं वरच्या वितभर मातीचं सँपल घेतलं, कागद आणून दिला, त्यावर ईसी, म्हणजे मातीतले विरघळलेले क्षार दाखवणारा विद्युतवाहकतेचा आकडा, दीडच्या आसपास, आणि म्हणाला फार वाईट नाही दादा. आता बघा इथं किती मोठा घोळ आहे. पुस्तकात जी चारची मर्यादा सांगतात, म्हणजे ईसी चार डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेला की जमीन क्षारयुक्त, ती संपृक्त मातीच्या अर्काची आहे, म्हणजे माती पाण्यानं जेमतेम पुरती भिजवून तिच्यातनं काढलेल्या पाण्याची. आपल्या बऱ्याच लॅबमध्ये माती एक भाग आणि पाणी दोन-अडीच भाग असं ढवळून मोजतात, पाणी जास्त म्हणजे आकडा खूप कमी येणारच. तो दीडचा आकडा चारशी लावून बघून 'बरं आहे' म्हणणं म्हणजे शेतकऱ्याला फसवणं आहे, मुद्दाम असो नाहीतर अज्ञानानं असो. लॅबवाल्याला विचारा कोणत्या पद्धतीनं मोजलं. आणि ऊस म्हणजे काही क्षार सोसणारं पीक नाही, अर्काचा ईसी १.७ च्या पुढं गेला की उत्पादन घसरायला लागतं. कापूस, गहू, बार्ली याच्यापेक्षा कितीतरी जास्त सोसतात.

नमुने एक फूट, दोन फूट, तीन फूट अशा थरांचे वेगवेगळे घ्यायला लावा. आणि नुसता सामू (पीएच) व ईसी बघून सोडू नका, विनिमययुक्त सोडियमचं प्रमाण पण काढून घ्या, रिपोर्टवर ईएसपी लिहितात ते. १५ टक्क्यांच्या वर असेल तर जमीन चोपण आहे, म्हणजे सोडियम मातीला चिकटून ती घट्ट झालीय. आम्ही नंतर वेगळ्या ठिकाणी स्वतः नमुने दिले तेव्हा कळलं की वरची बाजू क्षारयुक्त आहे आणि ओढ्याकडची क्षारयुक्त-चोपण, म्हणजे दोन्ही रोग असलेली आहे. पहिल्या रिपोर्टवर गेलो असतो तर सगळ्या रानाला एकच औषध झालं असतं.

पाइपबद्दल माझी काही तक्रार नाही. ८० मिलिमीटरचा नालीदार पाइप, भोकं एकसारखी, वरनं न विणलेल्या कापडाचा फिल्टर गुंडाळलेला. चोपण मातीत कण सुटे होऊन पाण्याबरोबर वाहतात त्यामुळं आपल्यासारख्या रानात फिल्टरशिवायचा पाइप कुणी स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नका. बंडल उतरवताना फिल्टर कुठं फाटलाय का ते प्रत्येक बंडल फिरवून बघा, फाटलेला भाग कापून टाकायला लावा. बंडलं उन्हात महिनाभर पडू देऊ नका.

खोली आणि अंतर यावरच खरं गणित असतं. राहुरी कृषी विद्यापीठाचं सांगलीजवळ कसबे डिग्रजला संशोधन केंद्र आहे, त्यांनी आपल्या भारी काळ्या क्षारयुक्त-चोपण जमिनीसाठी सव्वा मीटर खोल आणि दोन पाइपात २५ मीटर अंतर असं सांगितलंय. ठेकेदार अंतर वाढवून सांगतात कारण एकरी रेट कमी दिसतो आणि गिऱ्हाईक पटकन हो म्हणतं. आम्हाला पण सुरुवातीला ४० मीटरचा प्लॅन दिला होता, भावानं डिग्रजला जाऊन विचारून आल्यावर बदलून घेतला. एकरी खर्च लाखाच्या थोडा आत पडला, मेन लाइन ओढ्यापर्यंत किती लांब आहे त्यावर हे खूप बदलतं.

मशीनवरच्या पोरांचं मात्र कौतुक करायलाच पाहिजे. ऊस तुटून गेल्यावर एप्रिलच्या उन्हात काम, सकाळी सहाला चर काढायला सुरुवात. लेझर लावून उतार बघायचे, शंभर मीटरला पंधरा-वीस सेंटीमीटर एवढाच उतार असतो, डोळ्याला काही कळत नाही. एका ठिकाणी चराच्या तळात चिखल होता, माझ्या लक्षात पण आलं नसतं, पण ऑपरेटर पोरगा खाली उतरला आणि म्हणाला, "दादा, इथं पाइपला पोट पडणार. पोट पडलं की गाळ तिथंच बसतोय आणि मग वरची सगळी लाइन बंद." चिखल उपसून, कोरडी माती टाकून, परत लेव्हल घेऊन मगच पाइप सोडला. पोरगं विशीतलं असेल. एक मार्क कापला तो चर बुजवताना मोठी ओली ढेकळं तशीच ढकलली म्हणून, पावसाळ्यात तिथं जमीन खचली, परत माती ओढायला लागली. बुजवताना चरावर वरंबा ठेवून घ्या.

आता सर्व्हे. इथं आमचं खरं नुकसान झालं. पाइप कितीही चांगला असू दे, पाणी शेवटी कुठंतरी पडायला पाहिजे आणि जिथं पडतं ती जागा पाइपच्या तोंडापेक्षा खाली पाहिजे, पावसाळ्यात पण खाली पाहिजे. ठेकेदाराच्या माणसानं एप्रिलमध्ये कोरड्या ओढ्याच्या तळाची लेव्हल घेतली आणि पाइपचं तोंड तळाच्या जेमतेम वितभर वर काढलं. ओढा म्हणजे नुसता नावाला ओढा, पाणकणीस माजलेलं, दोन्हीकडनं बांध सरकत सरकत आत आलेले, खाली गाळ. पहिल्या मोठ्या पावसात ओढा भरला, तोंड पाण्याखाली गेलं आणि निचरा बंद. नुसता बंद नाही, ओढ्याचं पाणी गाळासकट उलटं आत. चेंबरचं झाकण काढलं तर आत पाणी स्थिर, वर फेस. ठेकेदाराला फोन केला तर म्हणाला, ओढा साफ करणं आमच्या कामात येत नाही. कागदावर बघितलं तर खरंच येत नव्हतं. पण तोंड कुठं काढायचं हे तर त्याच्याच कामात होतं ना.

शेवटी आम्ही ओढ्यावरची आठ-दहा घरं एकत्र बसलो. बैठकीत आवाज चढले, कुणाचा बांध आत आलाय यावरनं जुनी भांडणं निघाली, पण वर्गणी झाली आणि पोकलेन लावून ओढा खाली नदीपर्यंत उकरला. पाइपच्या तोंडाला उलट्या पाण्याला अडवणारी झडप बसवून घेतली. त्यानंतर खरा निचरा सुरू झाला. म्हणून सांगतो, ठेकेदार रानात आला की आधी त्याला रान दाखवू नका, आधी ओढ्यावर घेऊन जा. विचारा पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं ते म्हाताऱ्या माणसांकडनं ऐकवा. महापुरात पाइप बुडणारच, त्याला इलाज नाही, पण पूर ओसरल्यावर लाइन आतनं धुऊन घेता आली पाहिजे, त्यासाठी प्रत्येक कोपऱ्यावर चेंबर पाहिजे आणि चेंबरचा तळ पाइपपेक्षा फूटभर खोल पाहिजे म्हणजे गाळ तिथं बसेल. जिथं नैसर्गिक उतारच मिळत नाही तिथं विहीर काढून पंपानं पाणी उपसायला लागतं, तो खर्च आधीच धरा.

चोपण भागाचं बोलतो म्हटलं होतं. नुसता पाइप टाकून चोपण जमीन सुधारत नाही, उलट आणखी घट्ट बसू शकते, कारण मोकळे क्षार धुऊन जातात आणि मातीच्या कणाला चिकटलेला सोडियम तसाच राहतो, मग माती पसरते आणि छिद्रं बुजतात. तो सोडियम हलवायला कॅल्शियम लागतो, म्हणजे जिप्सम. किती टाकायचं ते माती परीक्षणात जिप्समची गरज काढून येतं, शेजाऱ्यानं किती टाकलं त्यावरनं ठरवू नका. बारीक पूड पाहिजे, वरच्या थरात मिसळायचं आणि मग पाणी. त्यानंतर धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक करून फुलोऱ्याच्या आत गाडला, साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) टाकली. हे सगळं निचरा चालू झाल्यावर, आधी नाही. निचरा नसताना वर्षानुवर्षं जिप्समच्या गोण्या टाकणारे कितीतरी लोक मी बघितलेत, पाणी बाहेर जायला वाटच नाही तर सुटलेला सोडियम जाणार कुठं. दुकानदार गोणी विकतो, तो हे सांगत नाही.

गुण आला का? आला. आणि तो बघताना मन भरून येतं. खिशात मावणारा ईसी मीटर घेतला होता, चेंबरमधलं पाणी मोजायचो. सुरुवातीला आठच्या वर दाखवायचा, नदीचं पाणी अर्ध्याच्या आसपास असताना. म्हणजे पाण्याबरोबर क्षार खरंच बाहेर पडत होते, डोळ्याला दिसत नव्हते एवढंच. आता तीनच्या खाली येतो. पहिल्या लागणीला उसाचा फुले २६५ हा वाण लावला, हा क्षारपड जमिनीत तग धरतो, ८६०३२ या नेहमीच्या वाणाची घाई करू नका. वरच्या बाजूला आता साठ टनाच्या पुढं आहे आणि खोडवा पण ठेवलाय. पण मला टनापेक्षा जास्त समाधान दिलं ते हरभऱ्यानं. हरभरा क्षाराला फार नाजूक, जरा खार असली की उगवूनच येत नाही. एका वाफ्यात मुद्दाम टाकून बघितला आणि घाट्यापर्यंत आला. आईनं स्वतः जाऊन उपटून आणला, आमच्या या तुकड्यात तिनं लग्न होऊन आल्यानंतर पहिल्यांदाच हरभरा बघितला.

बजेट कमी असेल तर मोल नांगराचा पर्याय आहे. ट्रॅक्टरमागं गोळीच्या आकाराचं लोखंड जमिनीतनं ओढतात, दीड-दोन फूट खोल, चार-चार मीटरवर, पाइप न घालताच पोकळी तयार होते. भारी चिकण जमिनीतच टिकतं आणि तीन-चार वर्षांनी परत करायला लागतं. खर्च पाइपच्या मानानं फारच थोडा. ज्यांचं पाणी वरच्या वरच तुंबतं त्यांनी आधी हे बघावं, ज्यांचं भूजलच वर आलंय त्यांना पाइपशिवाय गत्यंतर नाही.

एकट्यानं करायचं काम हे नाही. तुम्ही खालच्या बाजूला असाल आणि वरचे दहा जण पाटानं पाणी सोडत असतील तर त्यांचं सगळं पाणी तुमच्या पाइपातनं जाणार. शिरोळ तालुक्यात श्री दत्त साखर कारखान्यानं गणपतराव पाटील यांच्या पुढाकारानं गावंच्या गावं एकत्र घेऊन, सामाईक मेन लाइन टाकून हे काम केलं आणि पडीक पडलेल्या हजारो एकरात परत ऊस उभा राहिला. जाऊन बघून या, शेतकरी स्वतः फिरवून दाखवतात. आमच्याकडं अजून तसं होत नाही, प्रत्येकाची लाइन वेगळी, आणि मेन लाइन दुसऱ्याच्या रानातनं न्यायची म्हटलं की परवानगीसाठी वर्षं जातात.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायचीय. पाइप टाकल्यावर लोक पाणी वाढवतात. आता निचरा आहे, सोड किती पण. पाणीपट्टी एकरावर असते, कितीही पाणी घेतलं तरी तेवढीच, मग कोण कमी करणार. पण जास्त पाणी म्हणजे जास्त क्षार आत, जास्त खत वाहून बाहेर, आणि हे सगळं ओढ्यातनं नदीत जातं. खालच्या गावाची पाणीपुरवठ्याची जॅकवेल त्याच नदीवर आहे, हे पाणी त्यांच्या घागरीत जाणार आहे. आम्ही ड्रीप केलं, वर्षातनं एखाद-दुसरं पाणी तेवढं क्षार धुऊन जायला मोकळं सोडतो. ठेकेदारानं यातलं एक अक्षर सांगितलं नाही, खरं तर काम संपताना शेतकऱ्याला बसवून पाणी कसं द्यायचं, चेंबर कधी साफ करायचं, लाइन कधी धुवायची हे त्यानंच सांगायला पाहिजे. लाइन वर्षातनं एकदा प्रेशरनं धुऊन देतो असं ठरलं होतं, ते अजून झालेलं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर येतो म्हणतात आणि पावसाळा येऊन जातो. शेवटचा हप्ता हातात ठेवा आणि पहिली धुलाई झाल्यावरच द्या, हे कागदावर लिहून घ्या.

ओढ्याकडचे बारा गुंठे अजून पूर्ण आलेले नाहीत. जिप्समचा दुसरा हात झालाय, धैंचा परत केलाय, पांढरं गेलं, पण पाणी अजून सावकाश मुरतं. डिग्रजच्या लोकांचं म्हणणं आहे की चोपण जास्त असेल तिथं २५ मीटरच्या मधोमध आणखी एक लाइन टाकून बघा. या वेळी ऊस तुटला की टाकणार आहे, पण लेव्हल स्वतः उभा राहून घेणार आणि ठेकेदार वेगळा बघणार. मशीनवरची ती पोरं मात्र तीच मिळाली तर बरं होईल.